तळ्यांच्या मुलखातला एक दिवस

(दहावी, मार्च 1996 च्या तुकडीच्या स्नेहमेळाव्यात, दुसऱ्या दिवशी शाळेच्या सभागृहात केलेलं भाषण)





संयोजकांनी मला दोन अटी घातल्या आहेत. एक, कालच्या सहलीवर बोलायचं. दोन, फार ज्ञान द्यायचं नाही. पहिली अट सोपी आहे. दुसरी अवघड आहे, कारण मी पेशानं इंजिनिअर आणि समोर पहिल्या रांगेत आपले भूगोलाचे सर बसलेत. तेव्हा थोडं ज्ञान सहन करा.

गुडघ्यांमुळं किंवा नातवंडांमुळं ज्यांना काल येता आलं नाही, त्यांच्यासाठी आधी रस्ता सांगते. सकाळी सात वाजता रंकाळ्यावरून दोन टेम्पो ट्रॅव्हलर आणि चार गाड्या निघाल्या. हळदी, परिते करत भोगावतीच्या कडेकडेनं राधानगरी. तिथं लक्ष्मी तलाव आणि हत्तीमहाल. पुढं तळ्याच्या काठानं दाजीपूर. मग परत फिरून दूधगंगेवरचं काळम्मावाडी धरण, आणि मुदाळ तिट्ट्यावरून बिद्रीच्या बाजूनं रात्री घरी. वाटेत उसाच्या ट्रॉल्या इतक्या लागल्या की निम्मा दिवस आपण ट्रॉलीच्या मागच्या लाल फडक्याकडं बघत घालवला. गवा दिसला का, असं काल रात्रीपासून तिघांनी विचारलं. नाही दिसला. शेण दिसलं. आपल्यातल्या एका डॉक्टरांनी ते ताजं असल्याचं प्रमाणपत्रही दिलं.

याच रस्त्यानं आपण नववीत लाल एसटीतून गेलो होतो. तेव्हा सरांनी दाजीपूरला सगळ्यांना खाली उतरवून एक प्रश्न विचारला होता, "इथं पडलेला पाऊस कुठं जातो?" एकानं उत्तर दिलं होतं, "सर, बुटात." काल त्यानंच खिंडीजवळ उभं राहून बरोबर उत्तर दिलं. घाटमाथ्याच्या पश्चिमेला पडलेला थेंब फोंड्याच्या बाजूनं कोकणात उतरतो आणि लगेच अरबी समुद्राला मिळतो. त्याच्याशेजारीच, जरा पूर्वेला पडलेला थेंब मात्र भोगावतीत जातो, प्रयाग चिखलीजवळ पंचगंगा होतो, नरसोबाच्या वाडीला कृष्णेत मिसळतो, आणि हजारावर किलोमीटर चालून आंध्रात बंगालच्या उपसागराला पोचतो. समुद्र पाठीमागं, हाकेच्या अंतरावर असल्यासारखा, आणि हे पाणी मात्र तोंड फिरवून सगळा देश ओलांडायला निघतं. वाटेत आपल्याला पाजून जातं, म्हणून आपण आहोत.

पावसाचाही हिशोब बघा. गगनबावड्याला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून शंभरेक किलोमीटरच्या आत शिरोळ तालुक्यात तो पाचशेच्या आसपास येतो. एकाच जिल्ह्यात दहापट फरक. पश्चिमेला चार महिने पाणी नको म्हणायची वेळ, आणि पूर्वेला आभाळाकडं डोळे. आपल्या जिल्ह्यातली सगळी मोठी तळी या एका फरकातून जन्मली आहेत.

आता माझा मुख्य मुद्दा. नोकरीच्या निमित्तानं मी दोन वर्षं इंग्लंडमध्ये होते. तिथं उत्तरेला लेक डिस्ट्रिक्ट म्हणून मुलूख आहे. डोंगर आणि तळी, तळी आणि डोंगर. दिवसभर गाडीनं फिरायचं, काठावर थांबायचं, चहा प्यायचा. विंडरमिअर हे तिथलं सगळ्यांत मोठं तळं. हिमयुगात बर्फाच्या नद्यांनी दऱ्या खरवडल्या, बर्फ वितळल्यावर त्यांत पाणी साठलं, झालं तळं. कुणी बांधलं नाही, कुणाला विचारलं नाही.

आपल्या सह्याद्रीत तसं नाही. आपल्याकडं बर्फाच्या नद्या नव्हत्या. आपले डोंगर लाव्हाचे, आणि दऱ्या पावसाच्या पाण्यानं कापलेल्या. पाणी आलं की वाहून जायचं, थांबायची सोय नाही. लोणारचं सरोवर उल्केच्या धडकेनं झालेलं, ते अपवाद, आणि ते सह्याद्रीत नाहीच. महाबळेश्वरचं वेण्णा तळंसुद्धा बांधलेलं. काल आपण ज्या ज्या निळ्या पाण्यापुढं उभं राहून फोटो काढले, त्या प्रत्येक पाण्याला एक भिंत आहे. भिंत आहे म्हणजे ती बांधायचं कुणीतरी ठरवलं. आणि ठरवलं म्हणजे त्याची किंमत कुणीतरी दिली. तेव्हा "काय सुंदर आहे!" म्हणून झालं की आपल्याकडं आणखी दोन प्रश्न विचारायला हवेत. कुणी बांधलं? आणि खाली काय होतं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर राधानगरीत मिळतं. शाहू महाराजांनी 1894 मध्ये राज्यकारभार हाती घेतला, आणि पुढच्या दोन-तीन वर्षांतच दुष्काळ आणि प्लेग. त्यातून त्यांनी ठरवलं की भोगावती अडवायची. विसाव्या शतकाच्या पहिल्या दहा वर्षांत हे काम उभं राहिलं. नव्या वसाहतीला लेकीचं, राधाबाई अक्कासाहेबांचं नाव दिलं, तळ्याला महाराणी लक्ष्मीबाईंचं. एका संस्थानानं आपल्या पैशानं एवढं धरण बांधायला काढणं ही त्या काळी सोपी गोष्ट नव्हती. पैसे कमी पडले, काम थांबलं. 1922 मध्ये महाराज गेले तेव्हा भिंत अर्धवटच होती. राजाराम महाराजांच्या काळात ते पुन्हा हाती घेतलं गेलं, 1949 मध्ये संस्थान विलीन झालं, आणि धरण पूर्ण व्हायला 1950 चं दशक उजाडलं.

म्हणजे ज्यांनी हे तळं मनात पाहिलं, त्यांनी ते पूर्ण भरलेलं कधी पाहिलं नाही. माझ्या क्षेत्रात दोन आठवड्यांत काही दाखवता आलं नाही तर लोक अस्वस्थ होतात. इथं जवळजवळ अर्धं शतक एक काम चालू राहिलं. मधे राजा बदलला, राज्य बदललं, देश स्वतंत्र झाला, तरी कुणी "हे आधीच्यांचं काम, सोडून द्या" म्हटलं नाही.

या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे काल आपण बंद पाहिले. पावसाळ्यात ते आपल्या पेपरच्या पहिल्या पानावर असतात. तळं भरून पाणी ठरलेल्या पातळीच्या वर गेलं की पाण्याच्याच दाबानं दरवाजा उघडतो, पातळी उतरली की आपला आपण मिटतो. वीज नको, मोटर नको, रात्री दोनला उठवायला माणूस नको. मी वीस वर्षं सर्व्हरवर लक्ष ठेवणारे प्रोग्राम लिहिते. काही बिघडलं की फोन वाजतो आणि मी उठते. त्या दरवाज्यांपुढं उभं राहून मला जरा हेवाच वाटला.

एका दरवाज्यातून 1428 क्युसेक पाणी सुटतं, हा आकडा कोल्हापूरकरांना पाठ असतो, पण त्याचा अर्थ सहसा कुणी सांगत नाही. म्हणजे सेकंदाला सुमारे चाळीस हजार लिटर. दहा हजार लिटरचे चार टँकर, दर सेकंदाला. सातही उघडले की अठ्ठावीस टँकर, दर सेकंदाला. ते पाणी काही तासांत शहराजवळ येतं. मग आपण राजाराम बंधाऱ्याची पातळी बघायला लागतो. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती 55 फुटांच्या वर गेली. शिरोलीजवळ महामार्ग बंद झाला. मी पुण्यात, आई-बाबा इथं, आणि हातात फक्त फोन. तुमच्यापैकी बाहेरगावी असलेल्या प्रत्येकानं तो आठवडा तसाच काढला असणार. परदेशातली मुलंही तेव्हा तासातासाला एकाच बंधाऱ्याचा आकडा विचारत होती.

आता दुसरा प्रश्न. खाली काय होतं?

राधानगरीच्या तळ्यात शाहूकाळातला एक बंगला आहे, बेनझीर व्हिला. आता पडका आहे. पाणी उतरलं की त्याच्यापर्यंतची वाट उघडी पडते. लोक हौसेनं बघायला जातात. राजाचा बंगला पाण्यात गेला की प्रेक्षणीय स्थळ होतं. सामान्य माणसाच्या घराचं तसं होत नाही.

काळम्मावाडीच्या काठावर आपण पोचलो तेव्हा चार वाजले होते. राधानगरीच्या तळ्यात आठ टीएमसीच्या वर पाणी मावतं, इथं पंचवीस टीएमसीच्या वर. एक टीएमसी म्हणजे दोन हजार आठशे कोटी लिटर. सगळे फोटो काढत होते. आपल्यातला एकजण बाजूला जाऊन उभा होता. इथं बसलेल्या सगळ्यांना तो कोण ते माहीत आहे. छापील अंकात नाव नको असं तो म्हणाला, पण हकीकत सांगायला त्यानं परवानगी दिली आहे.

तो पाचवीत आपल्या वर्गात आला. हजेरीत त्याच्या गावाच्या नावापुढं "वसाहत" असं लिहिलेलं असायचं. वसाहत म्हणजे काय, हे त्या वयात कुणाला विचारावंसं वाटलं नाही. त्यांचं घर आणि मळीची जमीन दूधगंगेच्या काठाला होती. धरणाचं काम चालू झालं, पाणी चढत जाणार हे कळलं, आणि घर उतरवलं. कौलं काढली, वासे काढले. त्याच्या आजोबांनी दाराची चौकट काढून ट्रकमध्ये घातली आणि वसाहतीतल्या नव्या घराला बसवली. दार नव्या भिंतीला मापात बसेना, तर त्यांनी चौकट तासली नाही, भिंत फोडली. ती चौकट अजून तिथं आहे.

बदल्यात मिळालेली जमीन खडकाळ होती. ती पिकाखाली आणायला दोघा भावांची उमेद गेली. धाकट्या चुलत्याच्या वाट्याचे कागद एका कार्यालयात अजून पडून आहेत. आजोबा वारले, चुलते म्हातारे झाले, फाईल तेवढी तशीच आहे. आजोबा असेपर्यंत दर दिवाळीला काठावर यायचे आणि पाण्याकडं बोट करून सांगायचे, "तो बघ आपला पिंपळ, तिथनं डाव्या हाताला आपली वाट." नातवाला नुसतं पाणी दिसायचं. पण दरवर्षी ऐकून ऐकून त्याला ती वाट पाठ झाली. काल त्यानं ती आपल्याला बोटानं दाखवली. कुणीतरी विचारलं, इथं पाणी किती खोल असेल रे? तो म्हणाला, "आमचा डोह कमरंएवढा व्हता. मी तिथंच पोहायला शिकलो. आता मोजाय कोण जातंय?"

त्यावर कुणी काही बोललं नाही. मग बाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "हे तू निबंधात कधी लिहिलं नाहीस." तो हसला. म्हणाला, "बाई, तुम्ही 'माझे गाव' विषय दिला होता. मी कुठलं लिहायचं तेच ठरंना."

इंग्लंडच्या त्या तळ्यांच्या मुलखातही असं एक पाणी आहे, हे मला तिथं राहून बऱ्याच दिवसांनी कळलं. हॉजवॉटर नावाचं. मँचेस्टर शहराला पाणी हवं म्हणून 1930 च्या दशकात तिथल्या जुन्या तळ्याला भिंत घातली, पाणी चढवलं, आणि मार्डेल नावाचं गाव बुडालं. मोठा उन्हाळा पडला की गावाचा पूल आणि बांधांच्या भिंती वर येतात. मग दुरून लोक बघायला येतात. शहरं सगळीकडं सारखीच वागतात. तहान लागली की डोंगराकडं बघतात.

आपलंही शहर वेगळं नाही. वर्षानुवर्षं कोल्हापूरनं बालिंगा, शिंगणापूरहून नदीचं पाणी उचललं. मग थेट पाईपलाईनची मागणी झाली, आंदोलनं झाली, निवडणुका त्याच्यावर लढल्या गेल्या, आणि 2023 च्या दिवाळीत काळम्मावाडीचं पाणी पन्नास किलोमीटरच्या वर नळातून चालत शहरात आलं. आपण फटाके वाजवले. ते साहजिकच होतं. पण काल काठावर उभं राहिल्यावर मला कळलं, की सकाळी माझी आई ज्या पाण्याचा चहा करते, ते माझ्या वर्गमित्राच्या गावावरून आलेलं आहे. हे तिला माहीत नव्हतं. काल रात्री मी सांगितलं. ती थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "त्याला उद्या जेवायला घेऊन ये."

धरण बांधायला नको होतं, असं माझं म्हणणं नाही. त्याचंही नाही. त्याचीच शेती आज कालव्याच्या पाण्यावर उभी आहे. आणि आणखी एक सांगते. 2019 च्या पुरात नदीकाठची माणसं उंचावर हलवली, तेव्हा त्याच्या वसाहतीच्या शाळेत काही कुटुंबं पाच दिवस राहिली. वसाहतीतल्या बायकांनी त्यांना भाकऱ्या करून घातल्या. त्यात त्याची आई होती. ती म्हणाली, "पाण्यानं घर जातंय म्हंजे काय, ते आमास्नी कुणी शिकवाय नको." ज्यांनी आपल्यासाठी गाव सोडलं, त्यांनी आपल्यालाच आसरा दिला. याला उपकार म्हणतात. उपकार फेडता येतात की नाही मला माहीत नाही, पण निदान माहीत तरी असायला हवेत.

म्हणून आता कामाचं बोलते. या मेळाव्यासाठी आपण निधी जमवला आहे. खर्च जाऊन जी रक्कम उरेल, तिची शाळेच्या दारात कमान करावी, असा एक प्रस्ताव आहे. तो मांडणारे माझे मित्र आहेत आणि कमान चांगलीच होईल, यात शंका नाही. पण माझा प्रस्ताव वेगळा आहे. ती रक्कम शाळेच्या नावानं ठेवीत ठेवावी आणि तिच्या व्याजातून दरवर्षी नववीच्या वर्गाला हीच सहल घडवावी. एसटी प्रासंगिक करारावर गाडी देते. एक दिवस, एक गाडी, दोन शिक्षक. व्याज कमी पडलं तर आपण आहोतच.

काल मुख्याध्यापकांनी सांगितलं की ही सहल बंद होऊन बरीच वर्षं झाली. आता मुलांना पाण्याच्या उद्यानात नेतात. त्यांना तिथं मजा येते, येऊ दे. पण जे पोर रोज नळ सोडून दात घासतं, त्याला तो नळ कुठून येतो ते एकदा तरी पायानं चालून दिसायला हवं. दाजीपूर अभयारण्य 1958 मध्ये जाहीर झालं, आज राधानगरी अभयारण्य म्हणून पश्चिम घाटाच्या जागतिक वारशात आहे. जगभरातून लोक तिथं येतात, आणि आपल्या शाळेतली मुलं तिथं न जाताच दहावी होतात.

सहलीचे थांबे मी काल रात्री लिहून काढले. पहिला, एखादा कोल्हापूर पद्धतीचा बंधारा. पाणी अडवायला पावसाळा संपल्यावर बरगे बसवायचे आणि पावसाळ्याआधी काढायचे, ही पद्धत महाराष्ट्रभर आपल्या गावाच्या नावानं ओळखली जाते, आणि आपल्याच मुलांना ती माहीत नसते. दुसरा, राधानगरीचे दरवाजे. तिसरा, दाजीपूरचा माथा. तिथं सरांचाच प्रश्न विचारायचा, आणि "बुटात" हे उत्तर देणारा कुणीतरी निघेलच. चौथा, काळम्मावाडीचा काठ. तिथं मुलांशी बोलायला दरवर्षी यायचं आपल्या मित्रानं कबूल केलं आहे. पाचवा, त्याच्या वसाहतीतली ती चौकट. त्याची आई म्हणते, पोरं आली तर चहा करीन. मी म्हटलं, मावशी, साठ पोरं आहेत. म्हणाल्या, "मग मोठं पातेलं काढीन."

सरांना एक विनंती. नववीच्या मुलांसाठी या रस्त्यावर काय बघायचं आणि काय विचारायचं, याची दोन पानं तुम्ही लिहून द्या. ती आपल्या हस्ताक्षरात हवीत. छापायचं काम माझ्याकडं.

आणि मित्राच्या चुलत्याच्या फाईलचंही बोलले पाहिजे. आपल्या तुकडीत दोन वकील आहेत आणि एक महसुलातून निवृत्तीला आलेले साहेब आहेत. काल परतीच्या गाडीत तिघांनी ते कागद बघितले. सोमवारी तिघं मिळून त्या कार्यालयात जाणार आहेत. काम होईल की नाही ते आज सांगता येत नाही, पण या वेळी म्हाताऱ्या चुलत्याला एकट्यानं जावं लागणार नाही.

कमानीवाल्या मित्रांनी रागावू नये. जेवणानंतर दोन्ही प्रस्तावांवर हात वर करून मत घेऊ. सगळ्यांना पटलं तर कमानही पुढच्या मेळाव्यात करू, पण सहल येत्या वर्षीच सुरू व्हावी, असं मला वाटतं. पुढच्या वर्षी मी स्वतः त्या एसटीत मागच्या बाकावर बसून येणार आहे.

स्वयंपाकघरातून दुसऱ्यांदा निरोप आलाय की पांढरा रस्सा गार होतोय. तेव्हा थांबते.